कूस बदलणारे हात

वैद्यकाच्या इतिहासात शल्यचिकित्सकाच्या शस्त्राला आणि संशोधकाच्या प्रयोगशाळेला मानाचे पान मिळते. पुनर्वसन-वैद्यक ही शाखा बहुधा तळटिपेत राहते. या शाखेतील ज्येष्ठ डॉक्टर आपल्या भावी निवासी डॉक्टरांत आणि सहकाऱ्यांत कोणते गुण शोधतात, हा प्रश्न वरकरणी व्यावसायिक वाटेल. आमच्या मते तो ऐतिहासिक प्रश्न आहे. हे गुण प्रवेशाच्या नियमावलीत जन्मले नाहीत; ते रुग्णकक्षांत घडले.

असा एक कक्ष इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथील. नाझी राजवटीतून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडात आलेले ज्यू मज्जातज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी १९४४ च्या फेब्रुवारीत तेथे मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी केंद्र सुरू केले. अशा इजेने पांगळा झालेला सैनिक फार दिवस जगणार नाही, असेच तेव्हा गृहीत धरले जाई. मृत्यू येई तोही पुष्कळदा मूळ इजेने नव्हे, तर शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने. गुटमन यांचा एक उपाय अगदी साधा होता: दर दोन तासांनी, रात्रंदिवस, रुग्णाची कूस बदलायची. ती बदलली जाते की नाही हे पाहायला ते रात्री-अपरात्री स्वतः येत. स्वभावाने ते करडे होते. या शाखेला हवी असलेली करुणा म्हणजे केवळ मृदुता नव्हे, हे येथे ध्यानात येते. तिच्यात नित्याच्या कामाचा कंटाळा न करण्याची शिस्त आहे.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, गुटमन यांनी १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचा उगम तो. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात सुवर्णपदक मिळवले, ते याच परंपरेत. गमावलेल्या अवयवाइतकेच शिल्लक सामर्थ्याकडे पाहणारी नजर, हा या शाखेचा दुसरा गुण.

दुसरा कक्ष आपल्या देशातला, वेल्लोरचा. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तरुण डॉक्टर मेरी वर्गीस १९५४ च्या मोटार अपघातात कमरेखाली पांगळ्या झाल्या. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचे होते. पॉल ब्रँड यांच्या प्रोत्साहनाने त्या चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले. प्रतिबंध आणि उपचार यांच्यानंतरचा वैद्यकाचा तिसरा टप्पा म्हणजे पुनर्वसन, अशी रस्क यांची मांडणी होती. परतल्यावर वर्गीस यांनी १९६३ मध्ये वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा घेतली. १९६६ मध्ये तेथे स्वतंत्र पुनर्वसन संस्था उभी राहिली.

ही कथा सांगताना एक मोह होतो. स्वतः सोसल्याखेरीज परदुःख कळत नाही, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. आम्हाला तो मान्य नाही. रस्क किंवा गुटमन पांगळे नव्हते. आणि वर्गीस यांनाही केवळ अनुभव पुरला नाही, पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. वेदना ही पात्रता नव्हे. पात्रता आहे ती रुग्णाच्या संथ काळाशी आपला काळ जुळवण्याची. आणि परिचारिका, व्यायामोपचारतज्ज्ञ, कृत्रिम अवयव घडवणारा कारागीर आणि खुद्द रुग्ण यांना निर्णयात बरोबरीचे स्थान देण्याची. येथे यश म्हणजे सदैव रोगमुक्ती नसते. कधी ते स्वतःच्या हाताने घेतलेला घास एवढेच असते.

आम्ही साहित्याचे अध्यापक दरवर्षी शिफारसपत्रे लिहितो. त्यांत ‘कुशाग्र’, ‘तल्लख’ ही विशेषणे सहज येतात. ‘हा विद्यार्थी दुसऱ्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो’ असे आम्ही क्वचितच लिहिले आहे. पुनर्वसन-वैद्यकाचा इतिहास वाचल्यावर ही उणीव आमच्या विद्यार्थ्यांची नव्हे, आमच्या पाहण्याची आहे, असे वाटू लागते.