एका गावची पायली : विद्यार्थी, जीवाणू आणि मोजमापाचा इतिहास

१/ २००४ साली ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांना जीवाणूंकडून चित्र काढून घ्यायचे होते. अडचण मुळाशीच होती. ज्या ई. कोलाय जीवाणूवर त्यांचे काम चालले होते, त्याला प्रकाश कळतच नाही. आतड्याच्या अंधारात राहणाऱ्या जीवाला त्याची गरज कधी पडलेली नाही.

२/ त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत, ख्रिस्तोफर व्होइट यांच्या प्रयोगशाळेत, प्रकाश ओळखणारे एक जोडप्रथिन तयार होत होते. त्याचा अर्धा भाग प्रकाशावर जगणाऱ्या सायनोबॅक्टेरियाकडून घेतलेला, उरलेला ई. कोलायचा स्वतःचा. टेक्सासकडे कॅमेऱ्याची कल्पना होती, सॅन फ्रान्सिस्कोकडे डोळा. दोन्ही गट एकत्र आले.

३/ जीवाणूंच्या पातळ थरावर आकृतीचा प्रकाश पाडून तो तासन्‌तास तसाच ठेवायचा. जिथे उजेड पडला तिथे रंग तयार करणारे विकर थांबे, जिथे अंधार राहिला तिथे काळा रंग उमटे. नवी संगणकभाषा शिकणारा जे दोन शब्द पहिल्यांदा पडद्यावर उमटवतो, तेच ‘हॅलो वर्ल्ड’ या जिवंत पडद्यावर उमटले. नोव्हेंबर २००५ मध्ये हे काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. चित्राच्या केवळ कडा ओळखून रेखाटण्याचा अधिक अवघड बेत पुरा व्हायला मात्र २००९ साल उजाडले.

४/ या उद्योगाला निमित्त झाली ती एक स्पर्धा. जानेवारी २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे हिवाळी सत्रात एक छोटा अभ्यासक्रम झाला. उघडमीट करीत लुकलुकणारी पेशी कशी रचता येईल, हा त्यातला विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न. पुढच्याच वर्षी त्याची आंतरविद्यापीठीय स्पर्धा झाली आणि पाच संघ उतरले : एमआयटी, बोस्टन, प्रिन्स्टन, कॅलटेक आणि टेक्सास. आज ‘आयजेम’ या नावाने ती ओळखली जाते.

५/ तिच्यामागे टॉम नाइट, ड्रू एंडी आणि रँडी रेटबर्ग ही माणसे होती. नाइट आणि रेटबर्ग यांचे आयुष्य संगणक उभारण्यात गेलेले, एंडी यांचे मूळ शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे. बाहेरून आल्यामुळेच कदाचित त्यांना जीवशास्त्रातली एक गोष्ट खटकली : जनुके जोडण्याचे काम प्रत्येक प्रयोगशाळा दर वेळी आपल्या पद्धतीने, नव्याने करी.

६/ यंत्रांच्या जगात हा प्रश्न पूर्वीच येऊन गेला होता. अमेरिकेत कारखान्यागणिक स्क्रूचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. १८६४ साली विल्यम सेलर्स यांनी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये सर्वांसाठी एकच आटा सुचवला. नाइट यांनी २००३ मध्ये डीएनएसाठी जवळपास तेच सुचवले. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके ठरावीक असावीत आणि दोन तुकडे जोडून झालेल्या मोठ्या तुकड्याची टोकेही पुन्हा तशीच यावीत. म्हणजे जोडणी कितीही वेळा पुढे नेता येते. या तुकड्यांना नाव पडले ‘बायोब्रिक’, जीवविटा.

७/ विटा आल्या तशी वखारही आली. सर्व सुटे भाग नोंदवणारे आणि जपणारे एक भांडार एमआयटीत उभे राहिले. संघांना तेथून भाग मिळत, आणि आपण तयार केलेले नवे भाग त्यांनी तेथे जमा करायचे. स्पर्धा म्हटली की हातचे राखून ठेवणे आले. येथे मात्र यंदा ज्याला हरवले त्याच्याच हाती पुढच्या वर्षी आपली वीट असे. विजेत्यांना मिळणारा चषकही विटेच्याच आकाराचा!

८/ २००५ साली १३ संघ आले, त्यांत केंब्रिज आणि झुरिकसारखे परदेशी संघही होते. २०१४ पर्यंत संघांची संख्या २४५ झाली. अखेरच्या मेळाव्याचे नाव ‘जांबोरी’. वरळीच्या मैदानामुळे मुंबईकरांच्या कानांना हा शब्द परका नाही.

९/ भारतातील संघांत २००९ चा एक संघ विशेष लक्षात राहतो. बंगळुरूच्या ‘सृष्टी’ या कला व अभिकल्प संस्थेतील विद्यार्थ्यांचा तो संघ. पहिल्या पावसानंतर मातीला जो गंध येतो, त्यामागे मुख्यत्वे जिओस्मिन हा पदार्थ असतो. मातीतले जीवाणू तो तयार करतात. तो तयार करणारे जनुक ई. कोलायमध्ये घालून या कलाविद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत मृद्गंध आणण्याचे काम हाती घेतले. उपयोग काय, हा प्रश्न त्या कामाला लावण्यात अर्थ नाही.

१०/ भांडारातल्या सर्वांत उपयोगी ठरलेल्या वस्तू मात्र अगदी रुक्ष होत्या. २००६ साली बर्कलीच्या संघाकडून प्रमोटरांचा एक संच आला. प्रमोटर म्हणजे जनुकापुढचा डीएनएचा छोटा तुकडा. जनुक किती जोराने चालावे हे तो ठरवतो. बर्कलीच्या संचात जोरदार, मध्यम आणि मंद अशा पायऱ्या होत्या. जे२३१०१, जे२३१०६, जे२३११७ अशी त्यांची नावे. ज्याला जेवढा जोर हवा, त्याने तो तुकडा उचलावा.

११/ आणि येथेच या देवघेवीतले व्यंग उघडे पडले. जोर हवा तेवढा, पण कोणाच्या मापाने? आपल्याकडे दशमान पद्धत येण्यापूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. धान्य तेच, माप वेगळे. जीवविटांची गत तीच होती. हिरवे चकाकणारे प्रथिन जोडून प्रमोटरचा जोर मोजत, पण प्रत्येक यंत्र आपल्याच मनमानी एककात आकडा देई. एकाचे ५०० आणि दुसऱ्याचे ३०,००० यांत मोठे कोण, हे सांगता येत नसे.

१२/ २००९ मध्ये जेसन केली, एंडी आणि सहकाऱ्यांनी एक तोड काढली. बर्कलीचा जे२३१०१ हाच संदर्भ धरायचा आणि बाकीच्या प्रमोटरांचा जोर त्याच्या किती पट, एवढेच सांगायचे. असे करून पाहिले, तेव्हा आकड्यांतली तफावत सुमारे निम्म्याने घटली. विद्यार्थ्यांनी केलेली एक वीट अशी मापाचा दगड झाली.

१३/ पुढे आयजेमने दुसऱ्या संघाशी सहकार्य ही पदकाची अटच केली. हेतू चांगला होता. पण अट आली की तिची पूर्तता करण्याची कलाही येते. एकमेकांच्या प्रश्नावल्या भरून देणे, एखादा दूरसंवाद, त्याचे छायाचित्र. टेक्सास आणि सॅन फ्रान्सिस्को एकत्र आले ते अडले म्हणून. पदकासाठी जुळणाऱ्या सर्वच जोड्यांना तसे अडलेले नसे.

१४/ खरे सहकार्य उभे राहिले ते कोणालाच कौतुक नसलेल्या कामातून. २०१४ पासून ‘इंटरलॅब’ हा उपक्रम सुरू झाला : सर्व इच्छुक संघांनी एकच प्रयोग आपापल्या गावी करावा आणि आकडे एकत्र पाठवावेत. २०१४ आणि २०१५ मिळून ८८ संस्थांनी भाग घेतला. मोजायचे होते बर्कलीचेच प्रमोटर. नवे काही घडवायचे नव्हते, फक्त मोजायचे होते.

१५/ निकाल बोलका होता. चकाकी निरपेक्ष एककात मोजणे फार थोड्यांनाच जमले, त्यामुळे विश्लेषण गुणोत्तरांवर आले. दोन जोरदार प्रमोटरांच्या गुणोत्तरात संघासंघांतला फरक १.५४ पटीचा होता. सर्वांत जोरदार आणि सर्वांत मंद यांच्या गुणोत्तरात तो ५.७५ पटीवर गेला. जीवाणूचा वाण बदलल्याने गुणोत्तर बदलले नाही. यंत्र बदलल्याने मात्र बदलले. धान्याला दोष नव्हता, पायलीत होता.

१६/ मग पायली दुरुस्त करायला घेतली. नळीत जीवाणू किती आहेत हे सहसा द्रवाच्या गढूळपणावरून ठरवतात. प्रकाश सोडायचा आणि किती अडला ते पाहायचे. पण तोच द्रव दोन यंत्रांत दोन आकडे देतो. २०१८ च्या इंटरलॅबमध्ये २४४ प्रयोगशाळांनी यावरचे तीन स्वस्त उपाय पडताळले : जीवाणूंच्या वसाहती वाढवून मोजणे, सिलिकाच्या कलिल द्रावणाशी तुलना, आणि मोजलेल्या संख्येचे सिलिकाचे सूक्ष्म मणी निम्म्यानिम्म्याने पातळ करत जाऊन यंत्राचे आकडे लावून घेणे.

१७/ बाजी मारली मण्यांनी. ९५.५ टक्के नोंदी अपेक्षेच्या १.२ पटीच्या आत आल्या. कुठे चूक झाली असेल, तर तीही मण्यांच्या आलेखात चटकन दिसे. प्रत्येक पेशीमागची चकाकी साध्या प्लेट रीडरवर आणि एकेक पेशी तपासणाऱ्या महागड्या फ्लो सायटोमीटरवर मोजली, तर दोहोंत सरासरी फरक अवघा १.०७ पटीचा निघाला. ज्या महाविद्यालयाला ते महागडे यंत्र परवडत नव्हते, त्याचा आकडाही आता कोणाच्याही आकड्याशेजारी ठेवता येणार होता.

१८/ सप्टेंबर २०२० मध्ये ही पद्धत ‘कम्युनिकेशन्स बायोलॉजी’त प्रसिद्ध झाली. लेखकांच्या यादीत मोजक्या नावांबरोबर आयजेमच्या इंटरलॅब सहभागींचाही उल्लेख आहे. सुट्टीत तास न्‌ तास पिपेट हातात धरून एका खाचेतून दुसऱ्या खाचेत मणी पातळ करीत बसलेली मुले ती हीच.