अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क
पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या व्यक्तीस कायद्याने मिळणारे संरक्षण. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना चोवीस तासांहून अधिक काळ कोणासही कोठडीत ठेवू नये, हे तत्त्व १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. परंतु विशेष कायद्याने ते बाजूस सारता येई. १९४२ च्या आंदोलनात भारत संरक्षण नियमांखाली अनेकांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले. माथेरानचे (ता. कर्जत) वकील भाई कोतवाल भूमिगत झाले व २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले.

संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने (१९५०) अटकेचे कारण कळणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि प्रवासकाल वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाणे हे मूलभूत हक्क ठरले. प्रतिबंधक स्थानबद्धतेस मात्र त्यातच अपवाद आहे.

पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईतील स्त्री-कैद्यांना कोठडीत झालेल्या मारहाणीकडे लक्ष वेधल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, नातेवाइकांस तत्काळ सूचना व विधिसाहाय्य यांविषयी निदेश दिले. डी. के. बसू खटल्यात (१९९६) अटकेचे पंचनामावजा टिपण व वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत.

कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांतील ठाकूर, कातकरी यांना वकील नेमणे सहसा परवडत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार अनुसूचित जमातींच्या व्यक्तींस व कोठडीतील कोणासही, उत्पन्नाची अट न लावता, विनामूल्य वकील मिळू शकतो. मात्र हक्क ठाऊक असल्याखेरीज तो मागता येत नाही. म्हणून तो समजावून सांगणे हेही संरक्षणाचेच अंग होय.