कागदावरील प्रथिनलेप

कागदावरील प्रथिनलेप : दूध, मका, सोयाबीन, गहू इत्यादींपासून मिळणाऱ्या प्रथिनांचा पातळ थर कागदावर देऊन त्याची तेल व वायू रोखण्याची क्षमता वाढविण्याची पद्धत. खाद्यपदार्थांच्या वेष्टनातील प्लॅस्टिक कमी करणे हा तिचा मुख्य हेतू होय.

पार्श्वभूमी : कागद हे सेल्युलोज तंतूंचे सच्छिद्र जाळे असून ते तेल व पाणी शोषते. यावर उपाय म्हणून पॉलिएथिलीनचा थर किंवा फ्लुओरिनयुक्त रसायने (पीएफएएस) वापरात आली. मात्र पॉलिएथिलीन लगदा करताना तंतूंपासून सहज सुटत नाही, तर पीएफएएस निसर्गात दीर्घकाळ टिकून राहतात. खाद्यवेष्टनाच्या कागदासाठी पीएफएएसयुक्त तेलरोधकांची अमेरिकेतील विक्री थांबल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने 2024 मध्ये जाहीर केले.

प्रकार : दुधातील केसीन कागद उद्योगाला जुनेच परिचित आहे, आर्ट पेपरवर चिनी मातीचे कण धरून ठेवणारा बंधक म्हणून ते वापरले जाई. चीज व पनीर करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिनांचा थर ऑक्सिजन चांगला अडवतो. मक्यातील झेइन (शोध 1821) निव्वळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ओलीसमोर ते तुलनेने अधिक तग धरते. मात्र त्याच्या लेपासाठी सहसा पाणीमिश्रित अल्कोहोल लागते.

कृती : निवळीतील प्रथिनांचे द्रावण तापविले की रेणूंच्या घड्या उलगडतात व त्यांच्यात गंधकाचे नवे बंध जुळतात. हे द्रावण पाते किंवा दांडीच्या साहाय्याने कागदावर पसरून वाळविले की सलग पापुद्रा तयार होतो. तो तडकू नये म्हणून ग्लिसरीन घालतात. परंतु ते वाढले की बाष्प व वायू अधिक प्रमाणात आरपार जातात.

गुण व मर्यादा : कोरड्या हवेत हा थर तेल व ऑक्सिजन उत्तम रोखतो. हवेतील आर्द्रता वाढली की प्रथिने पाणी ओढून फुगतात आणि ही क्षमता घटते. म्हणून त्यावर मेणाचा थर देतात किंवा लेपात सूक्ष्म मृत्कण मिसळतात. दूध, सोयाबीन व ग्लुटेन यांची काहींना ॲलर्जी असल्याने खाद्यवेष्टनावर तशी सूचना आवश्यक ठरते. प्रथिने जैवविघटनशील असून योग्य विकरांनी लेप सुटा करून तंतू पुन्हा वापरता येतात. सद्यस्थितीत हे लेप कोरड्या व तेलकट पदार्थांच्या अल्पकालीन वेष्टनाला योग्य आहेत; द्रवपदार्थांसाठी केवळ प्रथिनांचा थर पुरेसा नाही.