मुक्या सोबत्यांचे सांत्वन

१४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यूटाऊन या गावी एका प्राथमिक शाळेत गोळीबार झाला. त्यात २० मुले आणि शाळेतील ६ प्रौढ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. सारे गाव शोकात बुडाले असताना काही दिवसांतच शिकागो परिसरातील एका धर्मादाय संस्थेचे स्वयंसेवक गोल्डन रिट्रीव्हर जातीची कुत्री घेऊन तेथे पोहोचले. मुले या कुत्र्यांना बिलगत, कुरवाळत, त्यांच्या अंगावर डोके टेकून बसत. गोळीबारानंतर गप्प झालेली काही मुले कुत्र्यापाशी बोलू लागली, असे त्या वेळच्या बातम्यांत आढळते.

ही कल्पना आली कोठून? आणि तिला शास्त्रीय आधार कितपत आहे? या दोन प्रश्नांचा येथे आपण विचार करू.

इंग्लंडमध्ये यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने १७९६ साली मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ ही संस्था सुरू झाली. मनोरुग्णांना साखळदंडांनी जखडून ठेवण्याचा तो काळ होता. ट्यूक यांनी मात्र प्रेमाने वागवण्याचा मार्ग धरला. संस्थेच्या अंगणांत ससे, कोंबड्या असे प्राणी असत, आणि त्यांच्या सहवासाने रुग्णांच्या मनात ममत्व जागे होते, अशी तेथील धारणा होती. पुढे १८६० च्या सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या रुग्णाला एखादा छोटा प्राणी उत्तम सोबत करतो, असे नोंदवून ठेवले.

या निरीक्षणाला मानसशास्त्रात स्थान मिळवून देण्याचा प्रयत्न केला तो न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी. एकदा कोणाशीही न मिसळणारा एक मुलगा आईबरोबर ठरल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आला. लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा त्या वेळी खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला आणि मुलगा त्याला कुरवाळू लागला. पुढच्या भेटींत या खेळातूनच डॉक्टरांना मुलाच्या मनापर्यंत वाट सापडली. १९६१ साली लेव्हिन्सन यांनी हा अनुभव तज्ज्ञांच्या सभेत मांडला, तेव्हा काहींनी त्यांची टिंगल केली. कुत्र्याला फीमधला किती वाटा देता, असेही कोणी विचारल्याचे सांगतात! तरी त्यांनी १९६२ साली कुत्र्याला ‘सहचिकित्सक’ म्हणणारा लेख प्रसिद्ध केला.

१९७६ साली एलेन स्मिथ या परिचारिकेने न्यू जर्सीत अशा कुत्र्यांची व त्यांच्या मालकांची संघटना स्थापन केली. अंधांना वाट दाखवणारा कुत्रा एकाच व्यक्तीसाठी शिकवलेला असतो. सांत्वनाचे काम करणारा कुत्रा मात्र बहुधा घरात पाळलेलाच असतो. त्याचा स्वभाव पारखला जातो आणि त्याचा मालक त्याला विनामोबदला रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत नेतो. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीतील बॉम्बस्फोटात १६८ माणसे दगावली. त्यानंतर आप्तांच्या आणि मदतकार्य करणाऱ्यांच्या सोबतीला अशी कुत्री नेण्यात आली. अशा रीतीने रुग्णाच्या खोलीतून ही कल्पना शोकाकुल समाजापर्यंत येऊन पोहोचली.

आता आधाराचा प्रश्न. २००३ साली दक्षिण आफ्रिकेतील ओडेंडाल आणि माइंट्जेस यांनी माणूस कुत्र्याला कुरवाळत असताना दोघांच्याही रक्ताची तपासणी केली. जवळीक निर्माण करणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण माणसात वाढले होते, आणि विशेष म्हणजे कुत्र्यातही वाढले होते. पण एवढ्यावरून शोक बरा होतो असे म्हणता येईल काय? आमच्या मते नाही. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला दिली हे रुग्णापासून लपवता येते, कुत्रा लपवता येत नाही. शिवाय जवळ येतात ती कुत्र्यांची आवड असलेलीच माणसे. कुत्र्याच्या दोरीचे दुसरे टोक धरलेला स्वयंसेवकही तेथेच असतो. मग गुण कोणाचा? असा प्रयोग कसा आखावा, हा वर्गात चर्चेला घेण्याजोगा प्रश्न आहे.

सांत्वन म्हणजे उपचार नव्हे, हा भेद राखला तर या इतिहासातून शिक्षकांनी घेण्याजोगे बरेच आहे. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी मृत्यू घडतो. ते शाळेत परत येते तेव्हा आपण घाईने प्रश्न विचारतो किंवा उपदेश करतो. कुत्रा यांपैकी काहीच करत नाही. तो जवळ येऊन बसतो आणि मूल बोलेपर्यंत उठत नाही. हे करायला वर्गात कुत्रा आणण्याची गरज नाही.