झिओलाइट बनवताना ‘बीज’ का टाकतात?

लातूर आणि नांदेडच्या पश्चिम भागात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार खडे सापडतात. लोक त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. त्यांतले काही खडे झिओलाइट असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांत खनिजयुक्त पाणी झिरपले आणि हे स्फटिक सावकाश वाढले. कारखान्यात मात्र तेच काम काही तासांत किंवा दिवसांत उरकावे लागते.

झिओलाइट म्हणजे काय?

सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची ही जाळी आहे. तिची छिद्रे रेणूंच्या मापाची असतात. म्हणजे ही रेणूंची चाळणीच. तापवल्यावर त्यातून वाफ निघते, म्हणून १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले.

बीज काय करते?

कारखान्यात सिलिका, ॲल्युमिना आणि कॉस्टिक सोडा यांचा लगदा बंद भांड्यात तापवतात. सर्वाधिक वेळ पहिले सूक्ष्म कण जमण्यातच जातो. म्हणून आधीच तयार असलेल्या झिओलाइटची थोडी पूड त्यात मिसळतात. हेच बीज-स्फटिक.

मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांतही हीच युक्ती वापरतात. घट्ट पाकात साखरेचे बारीक कण सोडले की त्यांच्यावर साखर चढत जाते.

फायदे तीन

- वेळ वाचतो: सुरुवातीची वाट पाहणे टळते.
- हवा तोच प्रकार मिळतो: एकाच लगद्यातून वेगवेगळे झिओलाइट बनू शकतात. बीज योग्य प्रकाराला पुढे काढते.
- आकार आवरता येतो: बीज जास्त टाकले की माल अनेक कणांत वाटला जातो आणि स्फटिक लहान राहतात.

काही झिओलाइटसाठी महागडी सेंद्रिय रसायने लागतात. बीटा झिओलाइट बीजाच्या जोरावर त्यांच्याशिवायही बनते, हे २००८ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले.

शुद्धता इतकी महत्त्वाची का?

ऑक्सिजन प्रकल्पात झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि ऑक्सिजन पुढे जातो. त्यात सोडालाइटची भेसळ झाली, तर त्याच्या अरुंद छिद्रांत नायट्रोजन शिरत नाही आणि तेवढा माल वाया जातो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, अशा प्रकल्पांसाठी भारताला परदेशातून विमानाने झिओलाइट आणावे लागले होते.

बीज सगळे सांभाळते असे मात्र नाही. मिश्रणाचे प्रमाण, तापमान किंवा वेळ चुकली, तर चांगले बीज टाकूनही नको तो स्फटिक हाती येतो.