सणाचा स्वयंपाक : उखळ-जात्यापासून तयार पिठापर्यंत

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे कळस नवा होतो, सभामंडपाला नवी फरशी बसते, गाभाऱ्याला रंग लागतो. खर्च किती आला, वर्गणी कोणी किती दिली, याची पै-पैची नोंद राहते. देवापुढे ठेवल्या जाणाऱ्या नैवेद्याच्या ताटाची मात्र कोठेच नोंद नसते. ते घरोघर हळूहळू बदलते आणि बदलल्याचे फारसे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ठाणे-कल्याण पट्ट्यातील सणाच्या स्वयंपाकात गेल्या शे-सव्वाशे वर्षांत काय फेरफार झाले, ते या लेखात मांडले आहे.

उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख भाताचा. घाटावर सण म्हटला की गहू आणि हरभरा, म्हणजे पुरणपोळी. आपल्याकडे सण म्हटला की तांदूळ आणि नारळ. मोदक, पातोळ्या, घावन-घाटले, नारळीभात, दिवाळीचे पोहे, यांतील एकही पदार्थ तांदळावाचून होत नाही. वाडा भागातला कोलम, ज्याला जुनी माणसे झिनी म्हणतात, तो तर नावाजलेलाच आहे. २०२१ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. (वाडा तालुका २०१४ साली नव्या पालघर जिल्ह्यात गेला, तरी लौकिक जुन्या ठाणे जिल्ह्याच्या मातीचाच.)

परंतु ‘पूर्वी सगळे घरचेच असे’ हे जे म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. गूळ आणि गहू घाटावरून येत, नारळ किनाऱ्यावरच्या वाड्यांतून, मीठ खाडीकाठच्या मिठागरांतून. जुन्नरहून नाणेघाटाने माल उतरून कल्याण बंदराकडे येण्याचा मार्ग सातवाहन काळापासूनचा. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. तेव्हा बाजार हा काही आजचा शोध नव्हे. फरक इतकाच, की बाजारातून जिन्नस येई. पदार्थ येत नसे.

जिन्नसापासून पदार्थापर्यंतचे सगळे अंतर घरच्या बाईने तोडायचे असे. मोदकाचेच उदाहरण घ्यावे. गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस कणगीतले भात काढायचे, घिरटावर भरडायचे, उखळात मुसळाने सडायचे, सुपाने पाखडायचे. कोंडा एकीकडे, कणी पेजेला, अख्खा तांदूळ निराळा. तो दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, उपसायचा आणि फडक्यावर पसरून सावलीत वाळवायचा. भाद्रपदातली हवा ओली, त्यामुळे वाळायला वेळ लागे, आणि नीट वाळला नाही तर पिठीला आंबूस वास येई. नंतर जात्यावर दळण आणि पातळ फडक्यातून चाळणे. एवढे झाल्यावर स्वयंपाकाला सुरुवात! पिठी जितकी, जवळजवळ तितकेच पाणी. त्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप. उकळी आली की पिठी घालून झाकण. पाण्याचा अंदाज मात्र पुस्तकात मिळत नाही. तांदूळ फार जुना असेल तर पारी चिरते, अगदी नवा असेल तर हाताला चिकटते. कोणत्या कणगीतला तांदूळ किती पाणी पितो हे घरच्या बाईला ठाऊक असे, कारण तो तिनेच सडलेला असे. पहिली मूठ मळली की पुढचे पाणी कमी घ्यायचे की जास्त ते हातच सांगे.

ही दगदग किती होती, हे सांगितल्याशिवाय जुन्या चवीचे गोडवे गाणे अन्यायाचे होईल. पहाटेच्या अंधारात उठून दळण-कांडण, मग पाणी, मग गोठा, मग शेत. दळता दळता बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा झाल्या आहेत. त्या ओव्यांचे कौतुक जरूर करावे, पण जात्याचा खुंटा कौतुक करणाऱ्यांच्या हाती नव्हता हेही ध्यानात ठेवावे. गावात इंजिनाची गिरणी आली तेव्हा जाते सुटले म्हणून कोणा सुनेच्या डोळ्यांत पाणी आल्याचे कोणी सांगत नाही. गिरणीने चव थोडी बदलली असेल. पीठ गरम निघते, अशी तक्रार म्हाताऱ्या करीत. पण तांदूळ घरचा राहिला, धुणे-वाळविणे घरचे राहिले आणि कंबर तेवढी वाचली. हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

सणाचा पदार्थ कोणता, हे त्या काळी बहुतेक शेतच ठरवीत असे. आश्विनात हळवे भात कापणीला येते. नव्याच्या पौर्णिमेला लोंब्यांचे ‘नवे’ दाराला बांधले जाई आणि नवा तांदूळ देवाला दाखवून मग घरात शिजे. पाठोपाठ दिवाळी. आज दिवाळी म्हटले की चकली, लाडू, शंकरपाळे डोळ्यांपुढे येतात. भातशेतीच्या कोकणपट्टीत दिवाळीच्या पहिल्या पहाटेचा मान पोह्यांचा. नरकचतुर्दशीला अभ्यंग करायचे, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे आणि पोहे खायला बसायचे. दूधपोहे, गूळपोहे, दहीपोहे, नारळाचे पोहे, असे प्रकार एकाच पानात. नवे भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडले म्हणजे हे पोहे होत. कांडणाऱ्या दोघी असत. एकीचे मुसळ वर तेव्हा दुसरीचे खाली. ताल चुकला की भात उखळाबाहेर. साखर, मैदा, रवा आणि तळणीचे तेल स्वस्त व मुबलक झाल्यावर फराळाचे ताट भरत गेले आणि पोहे कोपऱ्यात सरकले.

श्रावणाचेही तसेच. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, असा नियम. मग उरते ते वाफवणे. त्यातून घाटावर पुरणाची दिंडे आणि इकडे पातोळ्या. परसातली हळद ज्येष्ठात लावलेली. श्रावणात तिची पाने हातभर रुंद होतात. त्या पानावर तांदळाची भिजवलेली पिठी थापायची, वर गूळखोबरे, पान दुमडून वाफेवर ठेवायचे. झाकण काढताच जो वास येतो तो कोणत्याही बाटलीत भरता आलेला नाही. मागाहून येते ती नारळी पौर्णिमा. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील मंडळी खाडीला नारळ वाहतात आणि घरोघर नारळीभात शिजतो. भाद्रपदात गौर येते त्या दिवशी तिला भाजी-भाकरी. दुसऱ्या दिवशी काही घरांत घावन-घाटले, तर आगरी-कोळ्यांच्या आणि कायस्थांच्या कित्येक घरांत तिखटाचा नैवेद्य. माहेरवाशिणीला जे आवडते ते तिला वाढायचे, एवढाच त्यातला न्याय.

पदार्थ या मातीतला झाला म्हणून त्याचा धर्म एकच राहिला असेही नाही. ठाण्यात १८७९ सालचे यहुद्यांचे सिनेगॉग आहे. कोकणातले बेने इस्राएल पूर्वी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या मलिद्यात पोहे, खोबरे आणि साखर-गूळ असते. वर्षारंभाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा असतो, तोही नारळाच्या दुधात. मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही असा त्यांचा नियम आहे. तेथे नारळाने गाईच्या दुधाची जागा घेतली.

उलट, जे आपण अगदी सोवळ्याचे समजतो ते फार लांबचे निघते. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत काय काय पडते ते पाहा. साबुदाणा ज्या कंदाचा तो अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर या खंडात आलेली. ठाणे आणि साष्टी १७३७पर्यंत पोर्तुगिजांच्याच ताब्यात होती. आपल्या देशात तमिळनाडूतील सेलम भागात साबुदाण्याचे कारखाने निघाले तेही १९४०नंतरच्या दशकात. त्याआधी उपवासाला वऱ्याचे तांदूळ, कोनफळ, करांदे असत. करांदे आणि कोनफळे आजही पावसाळा सरल्यावर कातकरी-ठाकूर बाया पाटीतून ठाणे-कल्याणच्या बाजारात आणतात. घेणारी गिऱ्हाइके बहुधा पांढऱ्या केसांची असतात.

डबा घरात शिरला तो पहिल्यांदा तुपाच्या रूपाने. १९३७ साली डालडा बाजारात आला. गांधीजींचा वनस्पती तुपाला विरोध होता. घरोघरी म्हाताऱ्या त्याला नाके मुरडीत. पण १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले, धान्य आणि साखर शिधापत्रिकेवर आली, आणि टंचाईत साजूक तुपाचा आग्रह कोण धरणार? देवाच्या निरांजनात साजूक तूप आणि तळणीला डालडा, अशी वाटणी झाली. रिकामा डबा तर कोणी टाकलाच नाही. कोणी त्यात डाळ भरली, कोणी तुळस लावली.

दुसरी मोठी उलथापालथ घरे विभागली गेल्याने झाली. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत रेल्वे आली. स्वातंत्र्यानंतर वागळे इस्टेट, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत निघाली. सासू गावी आणि सून डोंबिवलीच्या चाळीतल्या दोन खोल्यांत, असा संसार सुरू झाला. उखळ ठेवायला जागा नाही, शेजारी घाटावरचे, वेळ लोकलच्या वेळापत्रकाचा. विचारायचे कोणाला? मराठीत पाककृतींची पुस्तके पूर्वीही होती. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ आले. परंतु घरोघर पोचले ते १९७०चे कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’. त्यात मापे वाटी-चमच्यांची. पायली, अधोली आणि शेर ही मापे १९६०च्या सुमारास सरकारी दप्तरातून गेली आणि किलोग्रॅम आले. नव्या बिऱ्हाडात काटा नव्हता, वाटी मात्र होती. पुस्तकाने सासूची जागा घेतली असे थट्टेने म्हणतात. सासूपेक्षा पुस्तक मवाळ बोलते, हे खरे.

पुढची पायरी तयार पाकिटांची. मोदकपीठ, गुलाबजामचे मिश्रण, डब्यातला आमरस, खोक्यातले नारळाचे दूध. नोकरी करून सात वाजता घरी येणाऱ्या बाईने गणपतीच्या आदल्या रात्री तांदूळ धुवावेत असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? पण पाकीट आणि गिरणी एका मापाने मोजू नयेत. गिरणीने श्रम घेतले, समज घरातच ठेवली. पाकिटातले पीठ कोणत्या तांदळाचे, केव्हा दळलेले, हे घेणाराला ठाऊक नसते. पाण्याचे माप पाकिटावर छापलेले असते. एखाद्या वर्षी पारी चिरली तर बिघडले कोठे ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी मोदकच विकत आणले जातात. ठाणे-डोंबिवलीतल्या कित्येक गृहिणींनी यातूनच धंदा उभा केला आहे. त्यांच्याकडे आधी नोंद करून मोदक मिळतात आणि फराळाचे डबे परदेशीही जातात. त्या बायका मात्र तांदूळ स्वतः निवडतात, पिठी स्वतः करवून घेतात. म्हणजे कला गेलेली नाही. दहा घरांतून निघून ती एका घरात गोळा झाली आहे. राहिलेल्या नऊ घरांतल्या मुली मोदकाला पाकळ्या कशा पडतात ते पाहतच नाहीत, एवढेच.

एका पदार्थाला अद्याप पाकीट सापडलेले नाही, तो म्हणजे ऋषिपंचमीची भाजी. बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही हा त्या दिवसाचा नियम. म्हणून नांगर न लावता परसात, बांधावर आलेले घ्यायचे : अळू, माठ, सुरण, पडवळ, दोडका, मक्याचे कणीस. सोबत देवभात, तळ्याकाठी आपोआप उगवणारा. तेलाची फोडणी नाही, मसाला नाही. आता ठाण्या-कल्याणच्या बाजारात ऋषीच्या भाजीचे मिसळलेले वाटे मिळतात. ते कोणाच्या शेतातले, तेथे नांगर होता की नाही, हे विकणारीलाही सांगता येत नाही. गावाकडे तर निराळाच पेच आहे. बैल दिसेनासे झाले, चिखलणी आणि नांगरट ट्रॅक्टरने होते. मग ट्रॅक्टरच्या शेतातले वांगे त्या दिवशी चालावे की नाही? नियमाच्या अक्षराप्रमाणे चालायला हरकत नाही, असे तरुण मंडळी हसत म्हणतात. म्हाताऱ्या काही न बोलता विळी-टोपली घेतात आणि बांधावरचे अळू कापायला जातात.