जलरोध आणि ज्वालारोध : पेट्रोल-पंपावरील विद्युत्-पेटीच्या दुहेरी संरक्षणाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी पेट्रोल-पंपाच्या निगराणीविषयीचे एक इंग्रजी सूचनापत्रक आणि त्याचे मराठी भाषांतर असे दोन्ही कागद तपासण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आले होते. भाषांतरकाराने ‘वॉटरप्रूफ’ या शब्दासाठी ‘जलरोधक’ आणि ‘फ्लेमप्रूफ’ या शब्दासाठी ‘ज्वालारोधक’ असे प्रतिशब्द योजले होते. शब्दसिद्धीच्या दृष्टीने दोन्ही शब्द निर्दोष होत. तथापि ते शेजारी शेजारी वाचणारा कारागीर कोणता बोध घेईल, हा प्रश्न व्याकरणाचा नव्हे. जलरोधक पेटी पाण्याला आत येऊ देत नाही, तद्वत ज्वालारोधक पेटी ज्वालेला आत येऊ देत नसेल, आणि दोन्ही कार्ये फटी बुजविल्याने साधत असतील, असाच त्याचा समज होणार. हा समज चुकीचा आहे. इतकेच नव्हे, तर पेट्रोलची वाफ जेथे सदैव संभवते तेथे तो जीवघेणा ठरू शकतो. या दोन संरक्षणांचा उगम कोठे झाला, ती एकाच यंत्रात कशी एकत्र आली आणि त्यांच्यातील भेद शब्दांत का लोपला, याचा विचार या निबंधात करावयाचा आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. पाणी बाहेर ठेवण्याची विद्या मुळात वस्त्राची आहे. चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य वस्त्र बनविण्याचे पेटंट घेतले. विद्युत्-उपकरणे कारखान्याबाहेर, उघड्यावर येऊ लागली तेव्हा हीच कल्पना लोखंडी पेटीस लागू झाली : झाकणाखाली रबरी पट्टी, तारेच्या प्रवेशद्वारी घट्ट ग्रंथी आणि वर उतरते छप्पर. पुढे या संरक्षणाची प्रत मोजण्याची गरज भासली. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाने १९६३ साली १४४ क्रमांकाचे आणि १९७६ साली ५२९ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. आज यंत्रांवर ‘आय्‌पी ५४’, ‘आय्‌पी ६५’ अशी जी अक्षरे दिसतात ती या परंपरेतील होत. त्यांतील पहिला अंक घन पदार्थ व धूळ यांविषयीचा, तर दुसरा पाण्याविषयीचा असतो. दुसऱ्या स्थानावरील ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे नळीचा झोत, आणि ७ म्हणजे तात्पुरते बुडणे. या मानकाने आपली मर्यादाही स्वतःच सांगून ठेवली आहे. गंज, सूर्यप्रकाश, हवेतील बाष्प थंड होऊन आत साचणारा ओलावा आणि स्फोटक वातावरण या गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे ‘आय्‌पी ६५’ असा शिक्का असलेली पेटी पाण्याच्या झोताला टिकेल. पण पेट्रोलच्या वाफेत ती निर्धोक आहे की नाही, याविषयी तो शिक्का काहीही सांगत नाही.

आता ज्वालेकडे वळू. ही दुसरी विद्या कोळशाच्या खाणींत जन्मली. इंग्लंडच्या ईशान्य भागातील फेलिंग येथील खाणीत २५ मे १८१२ रोजी झालेल्या स्फोटात ९२ माणसे दगावली. त्यानंतरच्या चळवळीतून हंफ्री डेव्ही याच्याकडे हा प्रश्न गेला आणि १८१५ साली त्याचा सुरक्षा-दीप निर्माण झाला. डेव्हीस आढळलेली गोष्ट थोडक्यात अशी : जळणारा वायू पुरेशा अरुंद धातूच्या नळीतून जाऊ लागला की धातू त्याची उष्णता शोषून घेतो आणि ज्वाला पलीकडे पोहोचत नाही. बारीक तारेची जाळी म्हणजे अशा असंख्य आखूड नळ्यांचा समुच्चयच होय. डेव्हीने खाणीतला वायू दिव्यापासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला नाही. वायू आत येणार, आत पेटणारही, हे गृहीत धरून त्याने फक्त ज्वालेचा परतीचा मार्ग बंद केला. या शास्त्राचा पुढील विकास या गृहीतावरच झालेला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी खाणींत वीज शिरली तेव्हा ठिणगीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. पेटी पूर्णपणे वायुरहित ठेवता येत नाही. काम करताना यंत्र तापते, थांबल्यावर निवते. तापताना आतील हवा प्रसरण पावून बाहेर पडते, निवताना बाहेरची हवा आत ओढली जाते. यास्तव जर्मनीत कार्ल बेलिंग याने डेव्हीचेच तत्त्व यंत्राच्या पेटीस लावण्याचे प्रयोग केले : कवच आतील स्फोटाचा दाब सोसण्याइतके जाड, आणि झाकणाच्या कडा रुंद, सपाट व घासून गुळगुळीत केलेल्या. आतील जळते वायू त्या अरुंद सांध्यातून बाहेर पडताना इतके निवतात की बाहेरचे मिश्रण पेटत नाही. या पेटीची सुरक्षितता सांधा नसण्यात नाही. तो ठरावीक रुंदीचा, ठरावीक लांबीचा आणि स्वच्छ असण्यात आहे.

दुसरा मार्ग याहून निराळा आहे. वेल्समधील सेंघेनिड येथील खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार आणि बचावकार्यातील एक असे ४४० जण मृत्युमुखी पडले. स्फोटाचे कारण निश्चितपणे सिद्ध झाले नाही. परंतु संकेत देण्याच्या विद्युत्-घंटेच्या तारांवर पडणारी ठिणगी हे संभाव्य कारणांपैकी एक मानले गेले. घंटेस पुरविलेली वीज दुर्बळ होती, म्हणून ती निरुपद्रवी मानली जात असे. व्हीलर व थॉर्नटन यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले की धोका केवळ विद्युत्-दाबावर अवलंबून नसून घंटेच्या वेटोळ्यात साठणाऱ्या ऊर्जेवरही आहे. ही ऊर्जा प्रवर्तकता आणि विद्युत्-प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. १०० मिलिहेन्रीच्या वेटोळ्यातून १०० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असता तो तोडला, तर अर्धा मिलिज्यूल ऊर्जा मोकळी होते; आणि पेट्रोलसारख्या हायड्रोकार्बनांच्या वाफेचे अनुकूल मिश्रण पेटावयास सुमारे पाव मिलिज्यूल पुरते. तेव्हा मंडलच असे रचावे की तार तुटली किंवा दोन तारा भिडल्या तरी उडणारी ठिणगी पेट घेण्याइतकी समर्थ असू नये, हा विचार येथून रूढ झाला. यालाच पुढे ‘इन्ट्रिन्सिकली सेफ’, म्हणजे स्वभावतः निर्धोक, असे नाव पडले.

खाणीतील या विद्या रस्त्यावर कशा आल्या, हे पाहण्यासाठी पंपाचा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील फोर्ट वेन येथे सिल्व्हेनस बाऊझर याने १८८५ साली एका वाणी दुकानदारास रॉकेल मोजून देणारा पंप विकला. मोटारी आल्यावर तोच पंप दुकानाबाहेर आला आणि त्याबरोबर उघड्यावरच्या पावसाचा प्रश्नही आला. १९३० नंतरच्या दशकात मापाबरोबर किंमत दाखविणारा दंतचक्रांचा यांत्रिक गणक प्रचारात आला. त्यात वीज होती ती मोटारीत आणि दिव्यात. मोजणी निव्वळ चक्रांची होती. या गणकाची मर्यादा १९७९ च्या सुमारास उघडी पडली. अमेरिकेत गॅलनचा दर एक डॉलरच्या वर गेला. पण पुष्कळ गणकांवर ९९.९ सेंटांहून मोठा दर लावता येत नसे, म्हणून विक्रेत्यांना अर्ध्या गॅलनचा दर लावून हिशेब दुप्पट करावा लागला. याच काळात इलेक्ट्रॉनिक गणक पुढे सरसावला. त्याचा परिणाम असा झाला की पेट्रोलच्या नळीपासून हातभर अंतरावर, ऊनपावसात, शेकडो सूक्ष्म जोड असलेले मुद्रित मंडल येऊन बसले. दंतचक्रांना ओलाव्याने गंज चढत असे, परंतु मंडलात ओलावा शिरला की विजेला नवी वाट मिळते. येथे पाण्याची विद्या आणि ज्वालेची विद्या एकाच पेटीत येऊन भिडल्या.

पंपावरील परिस्थितीचे स्वरूप असे आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याजोगी निर्माण होते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के असले की मिश्रण पेटते. आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने खाली साचते. यामुळे आधुनिक पंपाचे दोन भाग पाडतात. खालच्या कोठीत पंप, मापक व नळ्या. तेथील मोटार ज्वालाबंद पेटीत ठेवलेली. वरच्या शिरोभागात गणक व अंकपट्टिका. दोहोंमध्ये वाफ वर चढू न देणारा अडसर किंवा हवा खेळती राहील असे मोकळे अंतर. खालच्या मापकाकडून वर येणाऱ्या संकेताच्या तारा ऊर्जा मर्यादित करणाऱ्या अडथळ्यातून नेलेल्या असतात. युरोपातील ‘ई‌एन १३६१७’ या मानकात पंपाच्या अशा रचनेचे नियम ग्रथित झाले आहेत. भारतात धोक्याच्या क्षेत्रातील विद्युत्-उपकरणांस १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाखालील २००२ च्या नियमांनुसार मान्यता लागते, आणि ती देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. भारतीय मानकांच्या यादीत पेट्यांच्या संरक्षणाच्या प्रतींविषयीचे मानक २१४७ क्रमांकाचे, तर ज्वालाबंद पेट्यांविषयीचे मानक २१४८ क्रमांकाचे होते. क्रमांक लागोपाठचे असले तरी विषय दोन आहेत, हे मानककर्त्यांनी ओळखले होते.

कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील पावसात पंपाच्या शिरोभागात पाणी शिरले की अंक भलतेच दिसू लागतात आणि विक्री थांबते. अशा वेळी सहज सुचणारे तीन उपाय आहेत आणि तिन्ही घातक आहेत. पहिला, ज्वालाबंद पेटीच्या सांध्यात सिलिकोनचा लेप किंवा रबरी पट्टी भरणे. पट्टीमुळे दोन कडा एकमेकींपासून दूर राहतात आणि चाचणीने ठरविलेली फट रुंदावते. आत स्फोट झाल्यास मऊ लेप उडून जातो आणि रुंद फटीतून ज्वाला बाहेर येते. शिवाय व्हिनेगारसारखा वास येणाऱ्या सिलिकोनमधून सुटणारे आम्ल तांब्याचे जोड खाते. दुसरा उपाय, संपूर्ण पंपास प्लॅस्टिकचा कागद गुंडाळणे. त्याने शिरोभाग व खालची कोठी यांमधील हवेची वाट बंद होऊन वाफ कोंडते, आणि कोरड्या फडक्याने पुसलेल्या प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत् साचते. तिसरा उपाय, पाणी निघून जावे म्हणून पेटीस छिद्र पाडणे. त्या एका छिद्राने कवचाची सर्व परीक्षा व्यर्थ होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पेटी कितीही घट्ट असली तरी ती श्वासोच्छ्वास करते. उन्हात ६० अंशांपर्यंत तापलेली पेटी सरीबरोबर २५ अंशांवर आली, तर आतील हवेचे आकारमान सुमारे साडेदहा टक्क्यांनी आकुंचन पावते आणि तेवढी दमट हवा सांध्यातून वा तारेच्या ग्रंथीतून आत ओढली जाते. ती दररोज थोडी निवते व आत पाणी साचते. पुष्कळदा पाणी पावसाचे नसून हवेचे असते, आणि बाहेरून लेप चढविल्याने त्याची बाहेर जाण्याची वाटच बंद होते.

याचा अर्थ पावसापासून रक्षण गौण आहे असा नव्हे. स्वभावतः निर्धोक मंडलाची निर्धोकता त्याच्या तारा व इतर तारा यांमधील अंतरावर अवलंबून असते. त्या अंतरावर ओलसर मळाचा थर बसला तर बाहेरची ऊर्जा मर्यादित मंडलात शिरते. म्हणजे पाणी आत आले तर ज्वालेपासूनचे संरक्षणही ढासळते. म्हणून निर्धोक उपाय ते, जे दोन्ही विद्यांचा मान राखतात : शिरोभागावर रुंद छत; मुद्रित मंडलावर उत्पादकानेच दिलेले आवरण किंवा राळेत केलेले पूर्ण मढविणे; प्रमाणपत्रासह आलेले श्वासछिद्र व निचऱ्याचे बूच; तारेच्या व्यासास योग्य अशी मान्यताप्राप्त ग्रंथी आणि तारेस प्रवेशापूर्वी खाली झोल, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता टपकेल; ज्वालाबंद सांध्यावर रंग मुळीच नाही, गंज टाळण्यासाठी न सुकणारे विहित वंगण मात्र चालते; आणि रबरी पट्टी हवीच असेल तर ती मूळ रचनेतच, सांध्याच्या ठरलेल्या लांबीत घट न करता बसविलेली. पेटी उघडणे झाले तर ते वीज तोडून आणि अधिकृत कारागिराकडूनच.

आता मूळ शब्दप्रश्नाकडे परत येऊ. इंग्रजीतील ‘प्रूफ’ हे पद लॅटिनमधील परीक्षावाचक धातूपासून आले. त्यात दिशेचा निर्देश नाही. ‘वॉटरप्रूफ’मध्ये संकट बाहेर आहे, ‘फ्लेमप्रूफ’ पेटीत संकट आत आहे, आणि ‘फ्लेमप्रूफ’ कापडात तर ते कापडच जळत नाही. असे तीन अर्थ एकाच पदाने वाहून नेले आहेत. जर्मन भाषेने या पेटीस दाब सोसणारे कवच अशा अर्थाचे ‘द्रुकफेस्ट’ हे विशेषण योजले, आणि आजही अशा पेटीवर जे ‘डी’ अक्षर असते ते त्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. जर्मन नावात यंत्राचे कार्य सांगितले गेले. इंग्रजी नावात ते झाकले गेले. आणि आपण इंग्रजीचे भाषांतर केल्याने झाकलेलाच अर्थ मराठीत आला. ‘रोधक’ हे पद पाणी व ज्वाला या दोहोंस लावल्याने दोहोंचा मार्ग एकच असल्याचा भास होतो.

यास्तव प्रस्तुत लेखकाने त्या सूचनापत्रकात ‘ज्वालारोधक’ ऐवजी ‘ज्वालाबंद’ असा शब्द सुचविला, आणि त्यापुढे एक वाक्य जोडले : ‘या पेटीचा सांधा बुजवू नये, तो ज्वाला विझविण्यासाठी आहे.’ शब्द टिकेल की नाही हे वापरणाऱ्यांवर अवलंबून आहे. वाक्य मात्र राहिले पाहिजे, कारण पारिभाषिक शब्द कितीही नेमका असला तरी पावसात, हातात लेपाची नळी घेऊन उभ्या असलेल्या कारागिरास तो एकटा पुरत नाही. परिभाषेचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रतिशब्द ठरविण्यापूर्वी त्या वस्तूचा इतिहास पाहावा, एवढेच या निमित्ताने सुचवावयाचे आहे.